सोवळ्यातला पिनकोड

सोवळंओवळं आपल्याकडून हद्दपार झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ऑनलाइन अर्ज भरून पाहावा. पिनकोडाच्या रकान्यात ‘४११ ०३०’ असं लिहावं. तीन आकडे, जराशी मोकळी जागा, पुन्हा तीन आकडे. लग्नपत्रिकेपासून लेटरहेडपर्यंत आपण असंच छापत आलो. संगणकाला मात्र त्या मोकळ्या जागेचा विटाळ होतो. ‘कृपया वैध पिनकोड भरा,’ तो लाल अक्षरांत खेकसतो. ती जागा गाळून टाकायला प्रोग्राममध्ये एक ओळ पुरते. पण ती लिहायला प्रोग्रामरला पगार द्यावा लागतो. अर्जदार फुकट खोडतो.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी आलेली ही पिनकोडाची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. संचार मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी. पहिल्या तीन आकड्यांत टपालाच्या छाननीचा जिल्हा, पुढच्या तिनांत पोस्ट ऑफिस. म्हणजे मधली जागा अगदी अर्थाच्या सांध्यावर पडते. संस्कृतज्ञाला पदच्छेद चालतो, सॉफ्टवेअरला नाही.

आता ११११११ टाइप करा. बिनबोभाट प्रवेश! आकडे सहा, पहिला शून्य नाही, आणखी काय हवं? दिल्लीचे पिनकोड ११० ने सुरू होतात आणि १११ चं पोस्ट ऑफिस खात्यानं कुठंच उघडलेलं नाही, ही चौकशी बहुतेक अर्ज करत नाहीत. खरा पत्ता दारात ताटकळतो, खोटा आत जाऊन पाटावर बसतो.

परदेशी गेलेल्यांची तऱ्हा वेगळी. बोस्टनच्या भाचीचा कोड ०२१०८. एक्सेल त्यातलं शून्य गिळून टाकतं. दुबईत तर पिनकोडच नाही, पण रकान्यावर लाल चांदणी आहे. मग मराठी माणूस तिथं पाच-सहा शून्यं वाहून मोकळा होतो.

या सगळ्यावर कडी केली ती खुद्द टपाल खात्यानं. २०२४ मध्ये अंटार्क्टिकातल्या ‘भारती’ संशोधन केंद्रात पोस्ट उघडलं आणि त्याला प्रायोगिक पिनकोड दिला: एमएच-१७१८. अक्षरं, मध्ये आडवी रेघ, आकडे फक्त चार! सोवळ्याचा एकही नियम शिल्लक ठेवला नाही. तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञानं हा पत्ता आपल्या अर्जात घालून पाहावाच. चुकून पिनकोड पास झालाच, तर पुढच्या रकान्यात तालुका निवडायचा आहे.