खास घडवून घ्यायच्या युकुलेलेसाठी लाकूड कसे निवडावे

दुकानात टांगलेले युकुलेले कोणीही विकत घेऊ शकतो. त्याला फक्त पैसे लागतात. कारागिराला सांगून खास आपल्यासाठी घडवून घ्यायचे, तर पैशांच्या जोडीला मत लागते, आणि ते लाकडाविषयी असावे लागते. वाजवता येणे ऐच्छिक आहे. पुढील पायऱ्या क्रमाने पाळल्यास सामान्य बुद्धीचा माणूसही पंधरवड्यात लाकडावर अधिकारवाणीने बोलू लागतो. महिनाभरात घरचे त्याच्याशी बोलणे कमी करतात.

१. आधी इतिहास पाठ करावा

२३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागले. त्यात मान्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे लाकूडकाम जाणणारे होते. पुढे त्यांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि आपल्या गावाकडच्या चिमुकल्या गिटारीला नवे रूप दिले. राजा कालाकाउआ याला ते वाद्य आवडले. एकदा राजाला आवडले म्हटल्यावर प्रजेलाही आवडले.

लाकूड कोणते वापरले? हवाईत जे हाताशी होते ते, म्हणजे कोआ. तिथले लोक त्याच्या होड्या कोरत. कारागिरासमोर ‘हाताशी होते म्हणून’ असे म्हणू नये. ‘कोआत बेटाचा आत्मा आहे’ असे म्हणावे. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच असला, तरी दुसऱ्याला भाव जास्त येतो.

२. मग कुळे तपासावीत

कोआ हे अकेशिया. आपली बाभूळ आणि आपला खैर हेही अगदी आत्ताआत्तापर्यंत त्याच प्रजातीत नांदत होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे वाटण्या करून चुली वेगळ्या केल्या. महोगनीचे कूळ कडुनिंबाचे. त्याच कुळातल्या तुणीच्या लाकडाच्या सतारी आणि तानपुरे मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या घडतात, त्यामुळे महोगनीकडे परकेपणाने पाहायचे कारण नाही.

आंब्याबाबत मात्र मनाची तयारी करूनच कारखान्यात शिरावे. आपल्याकडे आंब्याचे लाकूड खोक्यांना, सेंटरिंगच्या फळ्यांना आणि होमाला. हवाईत तेच लाकूड, बुरशीने काढलेल्या काळ्या रेघांसकट, हौशी गिऱ्हाइकाला मखमलीवर ठेवून दाखवतात. किंमत ऐकल्यावर ‘आमच्या वखारीत हे’ अशी सुरुवात करू नये. सुरुवात झालीच, तर वाक्य पूर्ण करू नये.

३. विशेषणांचा साठा करावा

लाकडाला रंग, वजन आणि रेषा असतात. आवाजाला विशेषणे असतात, आणि ती गिऱ्हाइकाने घरून न्यायची असतात. रूढ वाटणी अशी : महोगनी ‘उबदार’, स्प्रूस ‘लख्ख’, सीडर ‘मऊ’, शिसवी ‘खोल’ आणि कोआ ‘गोड, पण मध्यम सप्तकात’. ‘पण मध्यम सप्तकात’ हे तीन शब्द विसरू नयेत. तज्ज्ञ आणि नवशिका यांच्यातले अंतर तेवढेच आहे.

सोप्रानो युकुलेलेत घोडीपासून मेरूपर्यंतची वाजती तार सुमारे तेरा इंच असते. एवढ्याशा वाद्यातून खोली निघणार कुठून, असा प्रश्न मनात आला तर तो मनातच ठेवावा.

४. टकटक करावी

फळी तिच्या लांबीच्या साधारण पाव अंतरावर, कडेला, दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरावी आणि मध्यभागी पेराने वाजवावी. चिमटीच्या जागी कंप जवळजवळ नसतो, म्हणून आवाज मोकळा निघतो. भलत्या जागी धरले तर उंची लाकूडही पुठ्ठ्याच्या आवाजात बोलते आणि आपली लायकी उघडी पडते. टकटक झाल्यावर डोळे मिटावेत, तीन आकडे मोजावेत आणि ‘हं’ म्हणावे. ‘हं’चा अर्थ कोणी विचारत नाही.

कारागीरही टकटक करतो, पण त्याचे कारण वेगळे असते. फळी किती ताठ आहे, किती हलकी आहे आणि रंधा कुठे थांबवायचा, हे तो अजमावत असतो. युकुलेलेची तबली दोन मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहून पातळ असते. ती दहा टक्क्यांनी आणखी पातळ केली, की तिचा ताठपणा चौथ्या हिश्श्याहून जास्त घटतो. म्हणजे लाकडाच्या नावावर आपण महिनाभर जी चर्चा केली, ती रंध्याच्या दोन-चार फेऱ्यांत निकालात निघते. कारागीर सुज्ञ असतो. तो हे आगाऊ रक्कम हातात पडल्यावर सांगतो.

५. नातेवाइकांना दूर ठेवावे

प्रत्येक घरात एक काका असतात आणि त्यांचे मत सागवानाचे असते. ‘सागवानाचं करून घे, वाळवी लागायची नाही.’ काकांचे खरे आहे. वाळवी सागवानाला सहसा शिवत नाही. पण सागवानात अंगचे तेल असते, त्यामुळे सरस नीट धरत नाही, ही तक्रार कुठलाही सुतार करील. शिवाय युकुलेले पन्नास वर्षे टिकावे, असे घरातल्या इतरांना वाटते का, हेही एकदा विचारून पाहावे.

६. लाटांना भुलावे, पण जाणूनबुजून

काही कोआत आडव्या चमकत्या लाटा असतात. फळी उजेडात हलवली की त्या सरकल्यासारख्या दिसतात आणि गिऱ्हाइकाचा हात आपोआप खिशाकडे जातो. या लाटांप्रमाणे ‘ए’, ‘तीन ए’, ‘पाच ए’ असे दर्जे लावतात. ते ठरवणारी जागतिक संस्था नाही, विकणारा ठरवतो. लाट म्हणजे वाकडे गेलेले तंतू. अशी फळी सरळ रेषांच्या फळीपेक्षा लांबीत कमी ताठ असते आणि बाजू वाकवताना तडकायची धास्ती जास्त. आवाजासाठी सरळ रेषांची साधी फळीच बरी. लाटा डोळ्यांसाठी आहेत. डोळ्यांसाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. पैठणीही कोणी थंडीसाठी घेत नाही.

७. कागदपत्रे जुळवावीत

ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. ते निवडल्यास परदेशप्रवासात तुमच्यापेक्षा वाद्यालाच जास्त कागद लागतील. आपल्या शिसवीसकट त्या प्रजातीची इतर लाकडे २०१७ पासून दुसऱ्या यादीत आली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली आणि शिसवीच्या वादकांनी सुटकेचा श्वास टाकला. ज्यांचे वाद्य आंब्याचे होते, त्यांना हा सगळा थरार अनुभवताच आला नाही.

८. पुरावे वाचू नयेत

या पायरीवर निष्ठेची कसोटी लागते. स्पेनमधला थोर गिटार-कारागीर आंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. तबली मात्र स्प्रूसची ठेवली. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. हे वाचू नये. अमेरिकेतल्या मार्टिन या जुन्या गिटार-पेढीने १९०७ च्या सुमारास स्प्रूसच्या तबलीला गिटारीसारखे दणकट आधार देऊन युकुलेले केले. आवाज बसका निघाला, माल खपला नाही. काही वर्षांनी महोगनी घेऊन, हलक्या हाताने पुन्हा केले तेव्हा धडाक्याने खपले. श्रेय महोगनीचे की हलक्या हाताचे, हा प्रश्न विचारू नये. १९५० च्या आसपास मारिओ माकाफेर्री याचे प्लॅस्टिकचे युकुलेले लाखोंनी विकले गेले. हे तर ऐकूही नये.

२०१८ मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारी घडवून घेतल्या. सगळे सारखे, फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वेगळे. बावन्न वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल चढवून त्या वाजवायला दिल्या. स्वस्त आणि महाग लाकडांना जवळपास सारखेच गुण पडले. यावरून निष्ठावंताने एकच निष्कर्ष काढावा : वेल्डरचे गॉगल लावून वाद्य निवडू नये.

९. आता ऑर्डर द्यावी

आठ पायऱ्या चढून आलेल्या वाचकाला शेवटी खरे सांगायला हरकत नाही. पाठीचे आणि बाजूंचे लाकूड डोळ्यांना आवडेल ते घ्यावे. तबलीचे लाकूड नीट सुकवलेले, सरळ रेषांचे आणि हलके असावे. नाव काहीही चालेल. जाडी आणि आतले आधार कारागिरावर सोडावेत. त्याला ‘उबदार’ वगैरे न सांगता, आपल्याला कोणाचे वादन आवडते ते ऐकवावे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर पावसाळ्यात वाद्य पेटीत बंद ठेवायची शिस्त लाकडाच्या दर्जाहून जास्त उपयोगी पडते. उंची लाकडाचे पैसे वाचले, तर ते जास्त चांगल्या कारागिरावर खर्च करावेत.

आणि ऑर्डर देण्यापूर्वी घरातल्या जुन्या युकुलेलेला एकदा नायलॉनच्या आणि एकदा फ्लुरोकार्बनच्या तारा चढवून पाहाव्यात. खर्च काही शे रुपयांचा. आवाज इतका बदलतो, की पुष्कळांची नव्या वाद्याची गरज तिथेच संपते. तुमची संपली नाही, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.