सम तारखेला उजवी नाकपुडी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ रोज दुपारी चार वाजता शहरोशहरीच्या हवेचं पत्रक काढतं. त्यातला आकडा, म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक, मागच्या चोवीस तासांची सरासरी असतो. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण जो धूर ओढला, त्याबद्दलचा इशारा दुसऱ्या दिवशी दुपारी, फराळ जिरवून वामकुक्षी झाल्यावर हाती पडतो. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण घोडं रोज वेळेवर येतं, हेही मान्य करा. शिवाय रात्री डोळ्यांतून पाणी काढणारी हवा दुपारच्या बऱ्या हवेत कालवली की आकडाही जरा माणसात येतो.

२०१५ साली आलेल्या या निर्देशांकात सहा रंग आहेत आणि प्रत्येक रंगापुढे आरोग्यावरचा परिणाम एका ओळीत लिहिला आहे. घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम सूक्ष्म धूलिकण (ते पीएम २.५ म्हणतात ते) असले, तरी हवा ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून चोवीस तासांसाठी १५ वरच थांबा म्हणते. जिनिव्हाकरांची छाती मुळातच नाजूक असणार. निर्देशांक तीनशेच्या वर गेला की मंडळ सांगतं, दीर्घकाळ संपर्क आल्यास श्वसनाचे आजार संभवतात. आता हवेशी दीर्घकाळ संपर्क टाळायचा कसा? दिल्लीत गाड्यांसाठी सम-विषम योजना आली होती, तीच पुढे न्यावी. सम तारखेला उजवी नाकपुडी, विषमला डावी. ३१ तारखेनंतर १ तारीख आली की डावीला जादा भत्ता.

निर्देशांक ५०० ला संपतो. हवा त्यापुढे गेली तरी पत्रकात ५०० च. याहून वाईट व्हायची तिला परवानगीच नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीचा श्वास कोंडला, तेव्हा मंडळाच्या उपसमितीने नागरिकांना घराबाहेर पडणं कमी करायला सांगितलं आणि कार्यालयांना वाहनांचा वापर किमान ३० टक्क्यांनी घटवायला. चौकातल्या वाहतूक पोलिसाने हे मनावर घ्यावं आणि घरून शिट्टी वाजवावी. पथारीवाल्यानेही पथारी दिवाणखान्यातच पसरावी. दिवाणखाना नसल्यास तो प्रश्न गृहनिर्माण खात्याचा.

मंत्र्यांचा सल्ला याहून रसाळ. नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी गाजर खायला सांगितलं. त्याच दिवशी पर्यावरणमंत्री, आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनी दिवसाची सुरुवात संगीताने करा म्हणून वीणावादन ऐकवलं. निवड चोख होती. गाण्याला दमसास लागतो, बासरीला तर फुंकच लागते. वीणा मात्र धुरक्यातही वाजते. पुढच्याच महिन्यात त्यांनी संसदेत सांगितलं, की प्रदूषणाने आयुष्य कमी होतं असं एकाही भारतीय अभ्यासात दिसलेलं नाही. मग काय, गाजर किसा आणि वीणा लावा.

हे सगळे सल्ले ज्याला नाक आहे त्याच्यासाठी. ज्याला धुराडं आहे त्याला गाजर खा असं कुणी सांगत नाही. कोळशावरच्या वीज प्रकल्पांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाच्या धुराची मर्यादा ठरली, ती पाळायला दोन वर्षं दिली. मग मुदत वाढली. मग वाढलेली मुदत वाढली. जुलै २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने सुमारे ७८ टक्के संचांना गंधक शोषणारी यंत्रणा बसवण्यातून मोकळंच केलं. म्हणजे दहा वर्षं मुदत मागत राहिलं की सूट मिळते. फुप्फुसांनी असा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, त्याला किती रुपयांचं तिकीट लावायचं, तेवढं चारच्या पत्रकात छापलं तर बरं होईल.