ताप आणि साप

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी बायको आतल्या खोलीतून म्हणाली, "अवो, ताप आलाय." मी दाराआडची काठी घेतली, मोबाईलची बॅटरी लावली आणि पलंगाखाली वाकलो. शेजारच्या दोन पोरांनाही हाक मारली. आम्ही तिघांनी माळा, मोरी आणि धान्याची कोठी धुंडाळली. शेवटी गोधडीत पडलेल्या बायकोने माझा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवला. साप तिथे होता.

१७७३ साली 'ध'चा 'मा' झाला तो कागदावर, असं म्हणतात. आमच्या घरी तो तोंडी होतो आणि दिवसातून चार वेळा होतो.

मी मानवतचा. उभी हयात जिनिंगमध्ये मुनीम म्हणून गेली. माझं टेबल आणि सरकी काढणारी यंत्रं यांच्या मधोमध एक पत्र्याची भिंत होती, ती आवाज अडवण्याऐवजी त्याला साथ द्यायची. हमालांशी, व्यापाऱ्यांशी ओरडूनच बोलायचं, आणि संध्याकाळी तोच आवाज घरी न्यायचा. आमच्या घरात भांडण चाललंय की चहा हवाय, हे गल्लीला कधी कळलं नाही.

बहिरा माणूस स्वतः सुखी असतो, त्रास होतो घरच्यांना. निवृत्तीनंतर माझं ठाम मत झालं होतं की लोक हल्ली पुटपुटतात. बातम्या देणारे पुटपुटतात, कंडक्टर पुटपुटतो, नातू तर जन्मापासून पुटपुटतो. एका हितचिंतकाने लसूण घालून कडकडवलेलं तेल कानात सोडायला सांगितलं. त्याने कान उघडला नाही, पण आठवडाभर मी फोडणीला टाकल्यासारखा दरवळत होतो. मग जाहिरात पाहून खिशात ठेवायची एक डबी मागवली. तिच्यातून पंखा, कुकर आणि माझं स्वतःचं चिवडा खाणं एवढंच दणदणीत ऐकू यायचं. बायको जिथल्या तिथे राहिली.

सापाच्या प्रकरणानंतर मात्र मला परभणीला नेण्यात आलं. पारा ४४ अंशांवर, आणि कानाच्या मॅडमनी मला एका बंद खोलीत बसवलं. आत पंखा नाही, कारण पंख्याचा आवाज होतो. कानावर हेडफोन, हातात बटण. "काका, आवाज आला की दाबा. कितीही बारीक असू द्या." मी आयुष्यात परीक्षेत मागे राहिलेलो नाही, म्हणून धडाधड दाबत सुटलो. मॅडमनी काचेपलीकडून हात केला. "काका, मी अजून आवाज सोडलाच नाही."

मग त्यांनी पद्धत समजावली. मी बटण दाबलं की त्या आवाज दहा डेसिबलने उतरवणार, नाही दाबलं की पाचाने चढवणार, आणि जिथे जमेल तिथे माझी नोंद करणार. हे मला लगेच कळलं. कापसाचा सौदा असाच तुटतो.

थोड्या वेळाने घामाने निथळत बाहेर आलो तर कागद तयार. उजव्या कानाचे लाल गोळे, डाव्याच्या निळ्या फुल्या. रेघ सरळ चालत यायची आणि चार हजार हर्ट्झपाशी आमच्याकडच्या रस्त्यासारखी खड्ड्यात जायची. मॅडमनी कागदाकडे बघून विचारलं, "काका, गिरणीत होतात का कुठल्या?" तळहात पाहून इतकं अचूक मला कुणी सांगितलेलं नाही. गोंगाट कानाला पहिला चावा तिथेच घेतो म्हणे.

त्यांचा हिशेब असा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, ८८ चा चारच तास. तीन वाढले की मुदत निम्मी. हे व्याज मी कधी लावून पाहिलं नव्हतं. प्रत्येक कानात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात, आणि त्या गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरच्यांचा अनुभव होताच.

आणि सापाचाही उलगडा झाला. अक्षरातले स्वर खालच्या पट्टीतले, दणकट. स, श, त, ट, फ ही मंडळी वरच्या पट्टीतली, नाजूक. गोंगाट आणि म्हातारपण आधी वरची पट्टी खातात. 'ताप'मधलं शेपूट माझ्यापर्यंत पोचतं, तोंड वाटेत गळतं. मग मेंदू नवशिक्या कारकुनासारखा कोरा रकाना मनाने भरतो. म्हणून मला बोलणारा ऐकू येतो, बोलणं येत नाही. आणि कोणी आवाज चढवला की मीच खेकसतो, "ओरडता कशाला?" हाही आजाराचाच भाग, असं मॅडमनी बायकोला सांगितलं. तिला ते खरं वाटलेलं नाही.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत नियमात बसणाऱ्या पासष्टीच्या माणसाला एकदाच तीन हजार रुपये मिळतात. त्यात चष्मा, श्रवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, काय ते घ्या. माझं तर सगळंच दुरुस्तीला आलेलं. घरात मतदान झालं आणि कान बहुमताने निवडून आला. वरची भर मुलाने घातली. चष्मा लावताना जी लाज वाटली नव्हती ती कानाला यंत्र लावताना वाटली, म्हणून महिनाभर मे महिन्यात कानटोपी घातली. टोपी टेकली की यंत्र शिट्टी वाजवायचं. बायको उठून कुकर बघून यायची.

आता सरावलोय. यंत्राची कंपनी जर्मन निघाली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. आता परभणीच्या कानात जर्मनी आहे.

परवा गल्लीतून वरात गेली. डीजेने खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि स्पीकरला टेकून पोरं नाचत होती. मी यंत्र काढून खिशात ठेवलं. आमची पिढी पगार घेऊन बहिरी झाली, ही पदरचे पैसे भरून व्हायलीय. तपासणीला उशीर करू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्यांना ऐकू गेलं नाही.

तुम्ही मानवतला आलात तर मला मागून हाक मारू नका. समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला, ओरडू नका. आणि ताप आला असेल, तर कपाळ पुढे करा.