‘फुकट’ म्हणू नका

“आम्ही तर फुकट राहिलो!” गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी तीनदा ऐकलं. एकदा लग्नाच्या पंगतीत, एकदा सोसायटीच्या जिन्यात आणि एकदा माझ्याच घरी, भाच्याच्या तोंडून. पंचतारांकित हॉटेल, खिडकीतून समुद्र, मऊ गाद्या, आणि सगळं क्रेडिट कार्डाच्या जोरावर.

त्यांच्या राहण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जरूर राहावं. मी राहिले आहे आणि पुढेही राहीन. माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे. फुकट. हा शब्द खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे ज्याला कळत नाही, बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून त्या खोलीचं भाडं जातं.

मी का राहिले, ते आधी सांगते. माझी आई सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाळेची सहल घेऊन ती कितीदा तरी मुंबईला गेली. राणीची बाग, मत्स्यालय आणि शेवटी गेटवे. गेटवेपाशी मुलांच्या जोड्या मोजताना समोर ताज दिसायचं. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये. म्हणजे गेटवे बघायला आलेल्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून ते हॉटेलही पाहिलेलं आहे. बाहेरून. “मुलं विचारायची, बाई, आत काय आहे? मी सांगायचे, आत पाहुणे असतात,” आई म्हणाली होती. तेव्हाच ठरवलं, हिला एकदा अशा दारातून आत न्यायचं.

ताज नव्हे, पण मुंबईतलंच समुद्रासमोरचं एक मोठं हॉटेल. कार्डाच्या वर्षभराच्या पॉइंटांवर एक रात्र मिळाली. पहाटे साडेपाचला जाग आली तर आई खिडकीशी बसलेली. खोलीतल्या किटलीत पाणी उकळून, दुधाच्या पावडरीच्या दोन पुड्या घालून तिने स्वतःच चहा केला होता. पांढरा कप दोन्ही हातांत धरून ती दूर उभ्या असलेल्या बोटी मोजत होती. मला म्हणाली, “अगं, फुकट म्हणतेस, पण कुणीतरी पैसे भरलेच असतील ना? कुणी भरले?”

त्या पहाटे मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देते.

पहिला भरणारा दुकानदार. तुम्ही क्रेडिट कार्ड मशीनवर टेकवता, शंभर रुपयांची वस्तू घेता, आणि दुकानदाराच्या खात्यात साधारण अठ्ठ्याण्णव पडतात. वरचे दोन रुपये म्हणजे एमडीआर, दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क. त्यातला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, बाकीचा कार्ड कंपनीकडे आणि मशीन देणाऱ्या बँकेकडे. बँक आपल्या वाट्यातला तुकडा तोडून तुमच्या हातावर ठेवते. त्यालाच आपण पॉइंट म्हणतो. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य आहे. डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून मर्यादा घातली: वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदाराला मशीनवर ०.४ टक्के, मोठ्याला ०.९ टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. म्हणून तर हॉटेलातली रात्र क्रेडिट कार्डावर मिळते, डेबिट कार्डावर सहसा नाही. “ताई, कार्ड चालेल, पण दोन टक्के वर पडतील,” असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो चिकटपणा करत नसतो. तुमच्या हॉटेलाचा हप्ता आपल्या नफ्यातून द्यायला तो नकार देत असतो.

जो नकार देत नाही, तो काय करतो? सगळ्याच मालाची किंमत थोडी चढवून ठेवतो. मग नोटा मोजून देणारी बाईही तीच किंमत देते, पण तिला पॉइंट मिळत नाहीत. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेपुरता याचा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारं एक घर वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकतं आणि कार्ड वापरणाऱ्या घराला रोखवाल्यांकडून सरासरी १,१३३ डॉलर मिळतात, असं त्यात निघालं. आकडे तिथले आहेत. पण मशीन तेच, कार्ड कंपन्याही त्याच, आणि पैशाची दिशाही तीच: ज्याच्याकडे कमी त्याच्याकडून, ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडे.

दुसरा भरणारा माझा भाचा. म्हणजे त्याच्यासारखे सगळे.

“मावशी, वर्षाचा खर्च चार लाखांवर गेला की दहा हजारांचं हॉटेल व्हाउचर,” त्याने मला उत्साहाने सांगितलं होतं. वर्ष संपायला दीड महिना उरला होता आणि लाखभर कमी पडत होते. त्याने टीव्ही घेतला. घरातला जुना टीव्ही चालू होता. व्हाउचर मिळालं, बायकोला घेऊन तो जाऊन आला, फोटो आले. मग मी त्याच्या कार्डाचं बिल मागून घेतलं आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो.

एकूण देय: ८४,००० रुपये. त्याखाली किमान देय: ४,२०० रुपये. तो किमान देय भरत होता आणि आपण बिल भरतोय अशी त्याची समजूत होती. दरमहा व्याज ३.७५ टक्के. मी पेन्सिलीने बिलाच्या पाठीवर लिहिलं. व्याज ३,१५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५६७. एकूण ३,७१७. म्हणजे ४,२०० भरले तरी मूळ कर्जातून सुटले फक्त ४८३ रुपये. असे तीन महिने गेले तर व्याज आणि कर मिळून अकरा हजार. व्हाउचर दहा हजारांचं. शिवाय बाकी राहिली की पन्नासेक दिवसांची बिनव्याजी मुदतही जाते. नव्या खरेदीवर, अगदी दुधाच्या पिशवीवरही, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं.

तो बराच वेळ त्या ४८३ कडे बघत होता.

वर्षाला ४५ टक्के! गावच्या सावकारालाही लाज वाटावी असा हा दर आहे, आणि तो कायदेशीर आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. ती ढाल आता नाही. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत बंधनकारक केलं आहे. भाच्याच्या बिलावरही तो होता. बारीक अक्षरात, तिसऱ्या पानावर. व्हाउचरची बातमी मात्र मोठ्या रंगीत अक्षरांत पहिल्या पानावर होती. बँकेला काय वाचलं जायला हवं आहे, ते अक्षरांच्या त्या दोन आकारांत दिसतं.

तिसरे भरणारे तुम्ही स्वतः, बिल वेळेवर भरत असलात तरी. १२,५०० रुपये वार्षिक फीचं कार्ड करासकट १४,७५० ला पडतं. ती फी तुम्ही आधी दिलेली असते, मग त्यातलंच तुम्हाला ‘भेट’ म्हणून परत येतं. आणि पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. पैशावर रिझर्व्ह बँकेची सही असते. पॉइंटाची किंमत कंपनी ठरवते आणि कंपनीच मोडते. मॅरियटने मार्च २०२२ मध्ये कुठल्या हॉटेलाला किती पॉइंट हा ठरलेला तक्ताच काढून टाकला. आता मागणी चढली की पॉइंटही चढतात. एकाच कार्डावरचा एकच पॉइंट विमान-हॉटेलासाठी एक रुपयाचा आणि बिलात वळता केला तर तीस पैशांचा, असंही असतं. असल्या नाण्याची थैली भरून ठेवून म्हातारपणी युरोपला जाऊ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: थैली आजच रिकामी करा.

मग ही कार्डं फेकून द्यायची का? मुळीच नाही. तुम्ही फी दिली आहे, हक्क तुमचा आहे. तो पुरेपूर वसूल करा. पण डोळे उघडे ठेवून.

सगळ्यात आधी बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-डेबिटची सेटिंग बघा. तिथे दोन पर्याय असतात: पूर्ण देय आणि किमान देय. ‘पूर्ण’ निवडा. ज्याला हे परवडत नाही, त्याने पॉइंटांच्या नादी लागूच नये. त्याच्यासाठी हे कार्ड सवलतीचं नाही, कर्जाचं आहे.

खर्चाचा टप्पा गाठायला काहीही विकत घेऊ नका. एकही वस्तू नाही. विम्याचा हप्ता, मुलांची फी असा होणारच असलेला खर्च त्या कार्डावर टाकता येतो. पण आधी नियम वाचा, कारण घरभाडं, पेट्रोल, विमा, वॉलेट यांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट मिळत नाहीत किंवा मर्यादा असते.

खोली कुठून बुक करता, यावर बरंच काही ठरतं. बँकेच्या पोर्टलवरून केलीत तर कार्डाचे पॉइंट मिळतात, पण हॉटेलाच्या स्वतःच्या सदस्यत्वाचे फायदे बहुधा जातात, कारण हॉटेलाच्या लेखी तुम्ही मध्यस्थामार्फत आलेले असता. हॉटेलाच्या वेबसाइटवरून केलीत तर याच्या उलट. दोन्हीकडचे दर समोरासमोर ठेवा आणि मगच बटण दाबा. दिवाळी-नाताळ सोडा. भर पावसातला गोवा किंवा रविवारची रात्र मागा. तेवढ्याच पॉइंटांत चांगली खोली मिळते.

काउंटरवर पोचण्याआधी हॉटेलाला ईमेल करा: नाश्ता धरलेला आहे का, खोली किती वाजता मिळेल, किती वाजता सोडायची. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द दिसला की ती गोष्ट मिळणार नाही असं धरून चाला. आमच्या त्या हॉटेलात पॉइंटांच्या रात्रीत नाश्ता नव्हता. मी गृहीत धरला होता, आणि दोघींचे पैसे भरावे लागले. चूक माझी होती. तुम्ही ती करू नका. आणि आत शिरताना हॉटेल कार्डावर अनामत रोखून ठेवतं, तेव्हा डेबिट कार्ड देऊ नका. खात्यातले खरे पैसे अडकतात आणि मोकळे व्हायला कधीकधी आठवडा जातो.

कार्डाची बाकी फेडायला भाच्याला मी त्याची बँकेतली एफडी मोडायला लावली. सात टक्के मिळवायचे आणि पंचेचाळीस टक्के द्यायचे, याला बचत म्हणत नाहीत. त्याचं कार्ड आता कोरं आहे आणि ऑटो-डेबिट ‘पूर्ण देय’वर आहे. टीव्ही भिंतीवर आहेच.

आईलाही हे सगळं सांगितलं, दुकानदारापासून एफडीपर्यंत. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, तिची ती रात्र मी नासवली. पण तिने विचारलं ते वेगळंच. “आपल्या कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानातही तू कार्डच देतेस?”

देत होते. पॉइंटांसाठी.

“त्याला नको देऊ. त्याचे दोन रुपये सुटतील. विमानाच्या तिकिटाला दे, मॉलमध्ये दे.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि पुढच्या वर्षी परत जाऊ. नाश्त्याचं आधी विचार.”

आता त्या दुकानात मी बँक खात्यातून यूपीआयने पैसे देते. पॉइंट थोडे हळू साठतात. तरी पुढच्या पावसाळ्यात आईची रात्र होईल, आणि तिने पुन्हा विचारलं की कुणी भरले, तर मला ते सांगता येईल.