कुपवाडला नाका बसला तर

येमेनमध्ये यादवी पेटली २०१४ साली. तासगाव-मिरज पट्ट्याला ती कळली २०२३ च्या नोव्हेंबरनंतर, तिथल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजं अडवायला सुरुवात केली तेव्हा. युरोपला निघालेली द्राक्षं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, दोनेक आठवडे वाढले, भाडं भडकलं. मग पारावर 'केप ऑफ गुड होप' हे नाव डावणी-भुरी या द्राक्षरोगांच्या जोडीनं ऐकू येऊ लागलं.

त्याच देशात तैझ नावाचं शहर आहे आणि पूर्वेला त्याचं कारखान्यांचं उपनगर, हौबान. सांगलीला कुपवाड तसं. २०१५ मध्ये शहराला वेढा पडला आणि मधला रस्ता बंद झाला. शहर सरकारकडे, हौबान हुथींकडे. दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेला डोंगरातून पाच-सहा तास लागू लागले. नाक्यावर लोकांच्या हातातलं पीठ, भाजी, गॅसची टाकी काढून घेत. मग आडवाटेनं गाढवांच्या पाठीवर पीठ चढलं, दवाखान्यांसाठी ऑक्सिजनही चढला.

आपल्याकडे असं झालं तर? कुपवाडच्या एमआयडीसीतून निघालेलं पोतं सांगलीच्या विश्रामबागेत यायला तासगाव, पलूस, इस्लामपूर, आष्टा अशी प्रदक्षिणा घालील. नाक्याचं उद्घाटन नारळ फोडून होईल. फ्लेक्सवर 'वेढ्यास हार्दिक शुभेच्छा' आणि खाली यंदाचे सगळे इच्छुक. पोती काढून घेण्याचं कामही रीतसर निविदा काढूनच दिलं जाईल. रेशन दुकानात उपाशी माणसाचा अंगठा यंत्राला ओळखू येणार नाही, पण ते तर वेढ्यावाचूनही होतं. गाढवं आपल्याकडे कमी पडणार नाहीत, असा टोमणा कुणीही मारेल. आम्ही मारत नाही.

कुपवाडला मात्र बरे दिवस येतील. १९९८ साली सांगली, मिरज, कुपवाड या तिन्ही शहरांची एक महापालिका झाली तेव्हापासून ते पाटीवर तिसरं आहे. पीठ तिकडे अडकलं की 'कुपवाड-मिरज-सांगली' असा ठराव एकमतानं मंजूर होईल आणि पहिलं पोतं आत येताच कायम केलेल्या इतिवृत्तातून गळून पडेल. शीतगृहांत बेदाण्याच्या पेट्या छतापर्यंत असतील. त्या बाहेर निघायच्या नाहीत. वेढा आणखी महिनाभर टिकला तर दर चढेल, हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं. तैझमध्येही टंचाईवर कुणाचे तरी इमले उठलेच असणार. त्या बाबतीत अरबी आणि सांगलीच्या बाजारात दुभाष्याची गरज पडू नये.

तैझ-हौबान रस्ता अखेर जून २०२४ मध्ये उघडला, नऊ वर्षांनी. आमच्या बागायतदार साडूंना मी ही बातमी उत्साहानं सांगितली.

"म्हणजे भाडं उतरणार?" त्यांनी विचारलं.

"नाही. समुद्र अजून तसाच आहे."

"मग उघडलं काय?"

"पिठाचा रस्ता."

"हं," म्हणाले, आणि त्यांनी ढगाळ हवेचा विषय काढला.