आडवा न जाणारा बोका

आमच्या बोक्याला आडवं जाता येत नाही. मनात आणलं तरी नाही. निघतो तो समोरच्या गडग्याकडे तोंड करून. मध्येच मागचे दोन पाय पुढच्या दोघांना न विचारता उजवीकडे वळतात, सगळा देह क्षणभर थबकतो आणि जिथून निघाला तिथेच बुडावर बसतो. मांजर आडवं गेलं तर चार पावलं मागे यावं, घोटभर पाणी पिऊन निघावं, हे आमच्या पावस गावात सगळ्यांना पाठ आहे. पण मांजर अर्धं आडवं जाऊन परत आलं तर? एकदा शेजारचे अण्णा कोर्टाच्या तारखेला निघाले असताना हा त्यांच्यासमोर असाच अर्धा गेला. अण्णा थांबले. त्याचं पुढे काय ठरतंय ते बघत फाटकाशी उभे राहिले आणि रत्नागिरीची एस्टी निघून गेली. "पुढची तारीख तशीही पडणारच होती," असं अण्णांनी नंतर मोठ्या मनाने सांगितलं.

त्याचं नाव डोलकर. ते सासूबाईंनी ठेवलं. खाडीच्या तोंडाशी डोल लावून मासे धरतो तो डोलकर. याच्याकडे डोलणं आहे, माशांची ओढ आहे, फक्त धरणं तेवढं नाही.

तो आमच्याकडे आला मे महिना सरताना. शेजारच्या बागायतदारांनी हंगाम उरकून आढी मोडली, तर पेंढ्यात मांजर व्यालेलं. आई बाकीची पिल्लं उचलून घेऊन गेली, हे एक मागे राहिलं. आईने सोडलं की उचलताना निसटलं, कोण जाणे. बागेतल्या गड्याने ते आंब्याच्या रिकाम्या खोक्यात घातलं, आमच्या ओटीवर आणून ठेवलं आणि म्हणाला, "बाय, ह्ये डागी हाय. ठेवताव काय?"

आता डागी म्हटल्यावर कोकणातला माणूस नाही कसं म्हणणार? आमचा सगळा जन्म डागीवर गेला. बिनडागी, वजनदार, देखणा हापूस पेटीत बसून वाशीला जातो. घरात राहतो तो डाग पडलेला, खारीने खाल्लेला, देठाशी चिरलेला. पहिल्या प्रतीचा हापूस कसा लागतो हे आम्हाला अजून मुंबईच्या पाहुण्यांकडून कळतं. डागीचा रस मात्र आम्ही वाटीला तोंड लावून प्यायलोय आणि त्याबद्दल कुणाची तक्रार ऐकलेली नाही. तेव्हा खोकं घरात गेलं.

डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. गावाकडच्या जनावरांच्या डॉक्टरांचा जन्म गायी-म्हशींत जातो. तळहाताएवढं पिल्लू त्यांच्यापुढे ठेवायला आपल्यालाच संकोच वाटतो. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मात्र त्याला शांतपणे टेबलावर ठेवलं आणि त्याच्यापुढे किल्ल्यांचा जुडगा नाचवला. पिल्लाने पंजा उचलला मात्र, मान लटलट हलायला लागली. पंजा किल्ल्यांच्या जितका जवळ जाईल तितकी ती थरथर वाढे. डॉक्टर म्हणाले, लहान मेंदू नीट वाढलेला नाही. मांजरांना एक विषाणूचा आजार होतो, पॅनल्युकोपेनिया. गाभण मांजरीला तो झाला, तर पोटातल्या पिल्लांच्या वाढत्या पेशींवर विषाणू तुटून पडतो आणि शेवटी शेवटी जोमाने वाढणारा लहान मेंदू त्यात सापडतो. तोल सांभाळणं, पाऊल किती लांब टाकायचं ते मोजणं ही कामं त्याची. हे खुंटणं पुष्कळ वर्षं आनुवंशिक समजलं जात होतं. १९६६ मध्ये अमेरिकेत किलहॅम आणि मार्गोलिस या दोघांनी त्यामागचा विषाणू दाखवून दिला.

"दुखतं का त्याला?"

"नाही."

"वाढेल का आजार?"

"नाही. आहे तेवढाच राहील. जगेलही इतर मांजरांएवढा."

"मग औषध?"

"नाही."

"निदान एखादं इंजेक्शन?"

लस सोडली तर तेही नव्हतं. आमची फार निराशा झाली. एवढ्या लांब जाऊन औषधाची पुडीसुद्धा न घेता परत येणं आपल्याकडे शोभत नाही. गावात तर डॉक्टरांच्या ज्ञानाबद्दलच शंका निघाली. मग जो तो आपापलं औषध घेऊन पुढे झाला. कुणी देवळातून अंगारा आणला. कुणी दृष्ट काढली. कुणी खोबरेल तेल कोमट करून मागचे पाय चोळायला सांगितले. ते मी दोन दिवस केलं, त्यात बोका इतका निसरडा झाला की होता तो तोलही गेला. अण्णांचं मत पडलं की मुळाशी थोडं कल्टार घालून बघावं. न धरणाऱ्या कलमांवर त्यांचा तोच उपाय असतो आणि ते थट्टा करत होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

हे सगळं निरुपद्रवी. पण एका पाहुण्यांनी तापाची अर्धी गोळी दुधातून द्यायला सांगितली, तेव्हा मी वाटी उचलून आत नेली. आपण घरात ठेवतो ती पॅरासिटामॉल मांजराचं यकृत पचवू शकत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, आणि अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं. दुधाचंही कौतुक फार झालंय. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. हे ऐकल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या मते मी मांजरजातीचीच बदनामी करत होते.

खरं म्हणजे डोलकरसाठी घर बदलावं लागेल या धास्तीत मी होते. ते आधीच बदललेलं होतं. गेल्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्यापासून सगळ्या गुळगुळीत लाद्यांवर न सरकणाऱ्या चटया आहेत. माजघराच्या उंबऱ्याला उतरती फळी आहे. विहिरीवर जाळी आहे. भिंतीकडेची वाट मोकळी ठेवायची सवय सगळ्यांना लागलेली आहे, कारण सासूबाई भिंतीला हात लावून चालतात. डोलकर त्याच भिंतीला कूस लावून चालतो. दोघं एकाच वेळी निघाली की वाहतूक खोळंबते. "अगो, तू आधी जा, तुला घाई," असं सासूबाई त्याला म्हणतात. तो बोका आहे हे त्यांना मान्य नाही, घरातल्या सगळ्या प्राण्यांना त्या 'अगो'च म्हणतात.

नवीन अशी एकच वस्तू वापरात आली, तीही जुनीच. स्टीलच्या ताटलीत त्याला खायला दिलं की पहिल्या घासाला मान हलून ताटली अंगणापर्यंत पोचायची. मग माळ्यावरचा दगडी खल खाली काढला. तो तिघांनी ढकलल्याशिवाय हलत नाही. त्यात तोंड घातलं की मान खलाच्या काठाला टेकते, थरथर कमी होते आणि खाणं पोटात जातं. वाळूची पाटीही पसरट आणि कोपऱ्यात, म्हणजे दोन बाजूंना भिंतीचा आधार. बाकी उड्या मारणं, कौलांवर चढणं, गडग्यावरून चालणं हे त्याच्या नशिबी नाही. त्याला बाहेर एकटं सोडत नाही. आमच्याकडे संध्याकाळनंतर बिबट्याची चाहूल असते, आणि हा पळायला लागला तर बिबट्याकडेच पोचायचा.

रनपारहून मासे विकायला येणारी भाबी पाटी उतरवते तेव्हा वाट्याखेरीज दोन-चार मोतकं वेगळी टाकते. ती डोलकरची, त्याचे पैसे नाहीत. ही मोतकं मी उकडून, काटे काढून देते. कित्येक माशांमध्ये कच्चेपणी जीवनसत्त्व ब-१ मोडून टाकणारं काहीतरी असतं. रोज कच्चे खाऊन मांजराच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, आणि याच्यापाशी तिथे गमवायला फारसं शिल्लक नाही. जून-जुलैत मासेमारी बंद. मग विकतचं खाणं. त्या खाण्याच्या पिशवीची किंमत मी घरात कुणाला सांगितलेली नाही.

"उंदीर धरतो काय?" हा प्रश्न येणारा प्रत्येक जण विचारतो. कोकणात मांजर म्हणजे नेमणुकीवरचा माणूस. काम उंदरांचं, पगार माशांच्या डोक्यांचा, राहणं पडवीत. डोलकरने उंदीर पाहिला आहे. एकदा खोलीच्या मध्यावर दोघं समोरासमोर आले. बोका दबा धरून बसला, मान थरथरायला लागली, उंदराने ते बराच वेळ निरखलं आणि सावकाश निघून गेला. नेमणूक तेव्हाच संपायला हवी होती. मासळी बाजारात सोडून द्या, तिथे पोट भरेल, असं तिघाचौघांनी सुचवलंही. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, म्हणून आपल्याकडे मांजर कुणी मारत नाही. पोत्यात घालून लांब सोडतात. त्याला काय दान द्यायचं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, हे सोयीचं आहे.

याच गावात १९३४ च्या सुमारास मोठ्या आजारातून उठलेले स्वामी स्वरूपानंद देसायांच्या 'अनंत निवासा'त राहायला आले आणि १९७४ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत, चाळीस वर्षं, तिथेच राहिले. त्या घराने हा माणूस काय उपयोगाचा असं विचारलं असतं, तर आज जिथे दर्शनासाठी गाड्या येतात ते पावस नसतं. मी बोक्याची तुलना कुणाशी करत नाहीये, भलतंच. एवढंच म्हणतेय की माणूस ठेवून घेताना हिशेब मांडायचा नसतो, हे गावाला माहीत आहे. मांजराच्या बाबतीत मात्र सगळे वही उघडतात.

आणि मांजराकडून आपल्या अपेक्षाही जरा जास्तच असतात. आमच्या जिल्ह्यातली सगळ्यात नावाजलेली मांजर म्हणजे साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तली पालगडची मथी. श्यामची आई गेल्यावर तीही अन्न सोडून मागोमाग गेली. डोलकर असलं काही करणार नाही. मी उद्या गेले तर तो खल वाजवून भाबीची वाट बघेल. उपकाराची जाणीव वगैरे त्याच्या चेहऱ्यावर मला अजून दिसलेली नाही. पायाशी घासायला येतो तो प्रेमाने की तोल गेल्यामुळे, हेही ठरवता येत नाही, आणि हा शोध घेणं मी सोडून दिलं आहे.

त्याला ठेवून घेणं फारसं अवघड गेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. झालेला आजार बरा होत नाही, पण तो टाळता येतो. पॅनल्युकोपेनियाची लस मिळते. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की पहिली मात्रा, मग डॉक्टर सांगतील तशा पुढच्या. तुमच्या पडवीत मांजरी असेल तर ती गाभण राहण्याआधी लस टोचून घ्या, गाभण असताना जिवंत विषाणूची लस मात्र नको, कारण तीही पोटातल्या पिल्लाचं हेच करू शकते. नसबंदी केलीत तर आणखी बरं. आमच्या घरातल्या चटया आता पुरत नाहीत.