हेतू स्पष्ट करा (गुण 5)

भालचंद्र नेमाड्यांनी 1963 साली ‘कोसला’ ही कादंबरी आणली, पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर असा का वागतो हे एका वाक्यात सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. ही उणीव गाइडकारांनी भरून काढली. मराठी साहित्य त्यांचं ऋणी आहे. पुण्यात वडिलांचे पैसे उडवणं, परीक्षेचा बोजवारा, देवीच्या आजारात गेलेली धाकटी बहीण मनी, मग सांगवीला परतणं. वाचकाला हे पचवायला अख्खी कादंबरी लागते. गाइडात तीन शब्द, तेही ठळक टायपात: संवेदनशीलता, एकाकीपणा, मूल्यऱ्हास. शब्दाला एक गुण, उरलेले दोन प्रस्तावना-समारोपाला. मनी ‘वेळ उरल्यास’.

यापुढे प्रत्येक पात्राकडून पहिल्याच पानावर हेतूचं स्वयंघोषणापत्र घ्यावं, खाली प्राचार्यांचा सही-शिक्का. म्हणजे पुढची पानं छापायचा कागदही वाचेल. (लेखकाचं मानधनसुद्धा; पण ते आधीच वाचलेलं असतं.)

तरी एखादा आगाऊ विद्यार्थी निघतोच. त्यानं लिहिलं, ‘दोनदा वाचली, पण पांडुरंगाचा हेतू पांडुरंगालाच कळलेला दिसत नाही.’ त्याला शून्य गुण मिळाले. लाल शाईत शेरा होता: ‘मूळ पुस्तक वाचावे.’